मेजरांची रात्रपाळी

7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. निधी गोळा होतो, वीरपत्नींचा सत्कार होतो, आणि तो व्हायलाच हवा. आपल्या जिल्ह्यात गावोगाव निवृत्त फौजी आहेत. हुद्दा कोणताही असो, गावासाठी ते ‘मेजर’च. ऐन चाळिशीत पेन्शनीवर आलेल्या या मेजरला संसारासाठी दुसरी नोकरी धरावीच लागते, आणि ती बहुधा ठरलेली असते: बँकेत, एमआयडीसीत नाहीतर साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी. लांबलचक पाळी, त्यात रात्रपाळी, कधी खांद्यावर पुन्हा बंदूक.

अनेकांना ती झेपते. पण ज्याचा रात्री डोळा लागत नाही, फटाका वाजला की ज्याला दरदरून घाम फुटतो, मागून कुणी हाक मारली तरी जो दचकतो, त्याचं दुखणं या नोकरीने वाढू शकतं. डॉक्टर त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक विकार, म्हणतात. 1980 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली. गावात मात्र ‘मेजर तापट झालाय’, ‘फार प्यायला लागलाय’ एवढ्यावर विषय संपतो. जिल्ह्यातल्या के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्रात रणगाड्यांचा सराव सुरू झाला की अशा माणसाच्या जवळ जाऊन बसावं, हेही कुणाला सुचत नाही.

1965 च्या युद्धात खेमकरणला अण्णा हजारे यांचे सोबती मारले गेले, ते स्वतः वाचले. फौजेत असताना आत्महत्येचा विचार मनात आला होता, हे त्यांनीच सांगितलं आहे. त्याला आजाराचं लेबल लावणं आपलं काम नव्हे. पण 1975 मध्ये आपल्या गावी, राळेगणसिद्धीला, परतल्यावर त्यांनी हाती काय घेतलं ते पाहावं: देवळाची डागडुजी, मग बांधबंदिस्ती, पाणलोट. दिवसाउजेडीचं, ओळखीच्या माणसांतलं, केलेलं डोळ्यांना दिसणारं काम.

प्रत्येकाला राळेगण उभं करता येणार नाही. दिवसपाळी मात्र देता येईल. स्टोअर, नर्सरी, वाचनालय, पाणीपुरवठा योजना अशी कामं गावातही असतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो, आणि सरकारी आस्थापनांनी अशा कर्मचाऱ्याला कामात वाजवी सवलत द्यावी, असं तो कायदा बजावतो. माजी सैनिकाला काम देणाऱ्या प्रत्येकाने त्याला एकट्याला बसवून विचारावं: झोप लागते का? रात्रपाळी झेपेल? ‘नाही’ म्हणाला तर नोकरी जाणार नाही, याची हमी आधी द्यावी. आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक गेटवरच्या केबिनमध्ये चिकटवून ठेवावा.