'सहभाग' कोणाचा, निर्णय कोणाचा?

ब्रिटनमधील विद्यापीठांत आरोग्य व सामाजिक निगा या विषयांवर होणाऱ्या संशोधनाला आज 'लोकसहभागा'चा शिक्का लागतो. सरकारी पैशाने चालणारी राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था २००६ साली स्थापन झाली. रुग्णांना व नागरिकांना योजनेत कसे सामील करून घेणार, हे ती अनुदानाच्या अर्जातच विचारते. २०१९ साली अशा सहभागाची सहा मानकेही प्रसिद्ध झाली. हे पाहून आपल्याकडील काही सद्भावी मंडळी भारावून जातात आणि विज्ञानाचे लोकशाहीकरण घडून आले असे मानू लागतात.

अनुवादाचे काम करणाऱ्याला येथे एक अडचण जाणवते. 'इन्व्हॉल्व्हमेंट' या शब्दासाठी आपण 'सहभाग' लिहितो आणि मूळ शब्दात नसलेले मोठेपण त्याला बहाल करतो. सहभागात 'भाग' आहे, म्हणजे वाटा आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ सामील करून घेणे एवढाच. घेणारा वेगळा, घेतला जाणारा वेगळा. या दोघांचे हितसंबंध एकमेकांवर आदळतात तेव्हा काय होते, हे 'पेस' चाचणीने दाखवून दिले आहे.

मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस अथवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम या आजारात थोड्याशा श्रमानेही प्रकृती ढासळते. अशा ६४१ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीचे नेतृत्व लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाकडे होते. पैसा पुरविणाऱ्यांत वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जोडीला ब्रिटिश सरकारचे श्रम व निवृत्तिवेतन खातेही होते. आजारी व अपंगांचे भत्ते मंजूर किंवा नामंजूर करणाऱ्या खात्याला, रुग्ण व्यायामाने बरे होतात की नाही यात एवढा रस का असावा, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही! रुग्णांच्या एका संस्थेचे साह्यही या चाचणीला लाभले होते. म्हणजे कागदोपत्री सहभागाची उणीव नव्हती.

क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम आणि वर्तनोपचार यांमुळे २२ टक्के रुग्ण 'बरे झाले', असे २०१३ च्या निबंधाने जाहीर केले. हे 'बरे होणे' कसले होते? मूळ आराखड्यात त्यासाठी शारीरिक क्षमतेचे शंभरपैकी ८५ गुण आवश्यक होते. पुढे ही मर्यादा ६० वर आणण्यात आली. चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी मात्र गुण ६५ किंवा त्याहून कमी असावे लागत. म्हणजे ६५ गुणांनिशी आत आलेला रुग्ण खालावून ६० वर घसरला, तरी या कसोटीपुरता तो बरा! विश्लेषणापूर्वीच निकष बदलले, असा संशोधकांचा खुलासा आहे. असेलही, पण बरे होणे म्हणजे काय हे ठरविण्याचा अधिकार त्यामुळे रुग्णाकडे येत नाही.

२०१४ साली एका रुग्णाने माहितीच्या कायद्याखाली निनावी आकडे मागितले. विद्यापीठाने नकार दिला. २०१५ मध्ये माहिती आयुक्ताने आकडे देण्याचा आदेश दिला, तेव्हा विद्यापीठ न्यायाधिकरणापुढे गेले आणि दोन लाख पौंडांहून अधिक रक्कम खर्चून ऑगस्ट २०१६ मध्ये हरले. मूळ निकष लावून फेरगणना झाली तेव्हा २२ टक्क्यांच्या जागी वर्तनोपचाराचे ७, व्यायामाचे ४ आणि नेहमीच्या वैद्यकीय उपचारांचे ३ टक्के उरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'नाइस' या ब्रिटिश संस्थेने २००७ पासूनची व्यायामाची ती शिफारस मागे घेतली. रुग्णांनी हे मिळविले ते समितीत बसून नव्हे, विद्यापीठाशी भांडून.

तज्ज्ञ आणि जनता यांचे नाते वेगळे असू शकते, याचा पुरावा इटलीत आहे. तुरीनमध्ये १९६० च्या दशकात डॉ. ईवार ओड्डोने आणि फियाटचे कामगार यांनी एकत्र बसून कारखान्यातील हवा, धूळ, थकवा आणि कामाचा वेग यांची तपासणी केली. एकाच जागी काम करणाऱ्या गटाने सामूहिक अनुभवाने मान्य केल्याखेरीज तज्ज्ञाचा निष्कर्ष ग्राह्य धरायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. धोक्याच्या कामाचा जादा भत्ता नको, धोकाच काढा, आरोग्य विकाऊ नाही, अशी मागणी पुढे आली. १९७० च्या कामगार कायद्याच्या नवव्या कलमाने आरोग्यरक्षणासाठी संशोधन घडवून आणण्याचा हक्क कामगारांना त्यांच्या प्रतिनिधींमार्फत दिला. १९७३ च्या करारात धातुकामगारांनी शिक्षणासाठी १५० तासांची भरपगारी रजा मिळविली. त्या तासांत कामगार तुरीनच्या विद्यापीठात आले, ते रुग्ण-प्रतिनिधी म्हणून चहापानाला नव्हे. १९८० साली फियाटमधील संघर्षात कामगारांचा पराभव झाला आणि या चळवळीलाही ओहोटी लागली. ज्या संघटित बळावर हे ज्ञान उभे होते तेच खचले होते.

लोकसहभागाचा गौरव करणाऱ्या विद्यापीठांनी एवढेच जाहीर करावे: चाचणीचा निकष मध्येच बदलू नका, असे सांगून तो बदल थांबविण्याचा अधिकार त्यांच्या किती रुग्ण-समित्यांना आहे?