सीट टाकू नका, आधी तळ सांधा

मोटारसायकलच्या सीटचे कव्हर सुटले की आपल्यात दोनच सल्ले मिळतात: ‘चांगला गम लाव’ किंवा ‘नवीन सीट घे’. माझ्या मते दोन्ही चुकीचे.

तळाखाली ‘पीपी’ ही अक्षरे उमटवलेली असली, तर तो पॉलीप्रॉपिलीनचा आहे. त्यावर साधा गम धरतच नाही. गमाच्या कित्येक बाटल्या याच कुळातल्या प्लॅस्टिकच्या असतात, त्या उगाच नव्हे! शिवाय ताणलेले रेक्झीन जोड सतत सोलत राहते.

म्हणून आधी तळ दुरुस्त करावा. तडा असल्यास त्याच प्लॅस्टिकची पट्टी वितळवून सांधावा (सुमारे १६५ अंश सेल्सिअस, खिडक्या उघड्या ठेवाव्यात). कड तुटली असल्यास अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेट व वॉशरने बसवून कव्हर तिलाच रिव्हेटने धरावे. बाकी ठिकाणी स्टेनलेस स्टीलचे स्टेपल मारावेत, साधे गंजतात. रेक्झीन उन्हात मऊ करून आधी पुढे, मग मागे, मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ताणावे.

मात्र सीट गाडीला अडकवणारे हूकच तुटले असतील, तर काटकसर नको. तिथे जिवाशी गाठ आहे.

पुण्यात नाक्यावरचा सीटकव्हरवाला हे काम आपल्यासमोर करतो. आपल्या इथल्या मुलांना तो दिसत नाही; वस्तू मोडली की कचऱ्यात जाते, एवढेच ती पाहतात. तेव्हा पुढच्या शनिवारी हे काम काढाल, तेव्हा रेक्झीन ताणून धरायला त्यांनाच बोलवा.