लॅबच्या कपाटातील नोंदी

आता तालुक्याच्या लॅबमध्येही रसायनांचा साठा कॉम्प्युटरवर लिहिला जातो. चांगली गोष्ट आहे. पण माझ्या पाहण्यातल्या काही ठिकाणी त्यात मालाचे नाव, नग आणि किंमत एवढेच रकाने आहेत. किराणा दुकानाला ते पुरतील. लॅबला पुरत नाहीत.

उदाहरण म्हणून पी.टी.-आय.एन.आर. ही तपासणी घ्या. हृदयाची कृत्रिम झडप बसवल्यामुळे वॉरफेरिन घेणाऱ्यांना ती वरचेवर करावी लागते. तिच्या रसायनाचा आय.एस.आय. नावाचा आकडा लॉटनुसार बदलतो व आय.एन.आर. त्यावरूनच काढतात. २००१ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात हा आकडा चुकीचा धरला गेला. शेकडो रुग्णांचे रिपोर्ट चुकले, गोळ्यांचे प्रमाण बिघडले आणि काही जण दगावले.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की लॅबने सॉफ्टवेअरमधील रकाने आपल्या गरजेप्रमाणे करून घ्यावेत. रसायने, किट, नळ्या यांचे वेगळे गट असावेत. प्रत्येक रसायनापुढे लॉट नंबर, मुदत, साठवणीचे तापमान आणि बाटली उघडल्याची तारीख हवी. कारण उघडल्यावर पुष्कळ रसायने छापील मुदतीआधीच निकामी होतात. पी.टी.च्या रसायनापुढे आय.एस.आय.ही हवा. हे रकाने रिकामे असतील तर नोंद पुढे सरकूच नये.

वाचकांनीही ध्यानात ठेवावे. आय.एन.आर. अचानक फार वेगळा आला, तर गोळी स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि रसायनाचा लॉट बदलला का, हे लॅबला जरूर विचारा.