सुटी मोकळी, कपाट बंद

एप्रिल उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून एक यादी हमखास छापून येते. 'सुटीत मुलांनी वाचावीत अशी दहा पुस्तकं.' यादी चांगलीच असते, त्याबद्दल वाद नाही. पण ती करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांसमोर नेमकं कोणतं मूल असतं, असा प्रश्न मला दर वर्षी पडतो. त्या मुलाच्या घराजवळ पुस्तकांचं दुकान असतं. घरात मराठीच बोलली जाते. आणि मुख्य म्हणजे त्याला सुटीत खरोखरच सुटी असते. हीच यादी आमच्या सिरोंचातल्या नववीच्या मुलीच्या हातात ठेवली तर तिने काय करायचं?

सिरोंचा म्हणजे विदर्भाचं पार खालचं टोक. जिल्ह्याचं गाव गडचिरोली इथून २०० किलोमीटरांहून अधिक दूर. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते, पलीकडच्या काठावर तेलंगणातलं कालेश्वरम, आणि पूर्वेला इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला, पण पुस्तकांच्या मोठ्या दुकानासाठी आजही चंद्रपूर नाहीतर नागपूरच गाठावं लागतं. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी माडिया किंवा गोंडी, बाजारात सगळ्यांची मिसळ आणि शाळेत मराठी. म्हणजे इथल्या कितीतरी मुलींसाठी शाळेची भाषा ही घरची भाषाच नाही. त्यांचं मराठी पाठ्यपुस्तकातून आलेलं असतं, आणि सुटीत पाठ्यपुस्तक मिटलं की तेही मिटतं.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. सुटी लांबलचक. पण ती रिकामी असते असं समजू नका. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची असतात. काही घरं तेलंगणात मिरची तोडायला जातात, तेव्हा पोरंही बरोबर जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे अंधारात उठून जंगलात जायचं, उन्हं चढायच्या आत पानं घेऊन परतायचं, दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते मोजून द्यायला न्यायचे. पुडे बांधण्याच्या कामात आठवी-नववीच्या पोरींचे हात सगळ्यात चपळ. या पैशातूनच पुढच्या वर्षीच्या वह्या आणि गणवेश येतो, त्यामुळे 'मुलांना कामाला का लावता?' असं दुरून विचारणं सोपं आहे. मला ते विचारायचं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की पुस्तक निवडताना हा दिवस डोळ्यांसमोर हवा. पाचशे पानांची ऐतिहासिक कादंबरी इथे चालायची नाही. सुटं सुटं वाचता येईल, एका बैठकीत एक प्रकरण संपेल असं पुस्तक हवं. आणि शक्यतो मोठ्याने वाचता येईल असं. चौघीजणी पुडे बांधताहेत आणि पाचवी वाचते आहे, हे अगदी शक्य आहे. ऐकणाऱ्यांत अम्मा असेल, अम्मम्मा असेल. त्यांना कळलं नाही ते पोरगी तेलुगूत सांगेल. एका पुस्तकात घरातल्या तिघीजणींचं वाचन होईल.

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. आमच्याकडे 'वाचतेस ना?' याचा अर्थ 'परीक्षेचं वाचतेस ना?' असाच होतो. वाचन म्हणजे गाइड, प्रश्नसंच, फार तर पोलीस भरतीचं पुस्तक. गडचिरोली पोलिसांनी गावांमधून वाचनालयं सुरू केली, तिथे मुलंमुली अभ्यासाला बसतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. नोकरी हवीच. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावी होणार असेल, त्या घराला 'गोष्टीची पुस्तकं घ्या' असं सांगणं ही चैन वाटते, हेही मी समजू शकते.

पण मैत्रिणींनो, एक हिशेब करून पाहा. आठवीनंतरची आणि नववीनंतरची अशा दोनच सुट्या मुलीच्या हातात असतात. दहावीच्या वर्षात कुणी तिला गोष्टीचं पुस्तक उघडू देत नाही. आणि दहावीनंतर 'पुढे शिकायचं की सोयरीक बघायची' हा प्रश्न घरात येतो. तो मुलाच्या बाबतीत येत नाही, मुलीच्याच बाबतीत येतो. त्या वेळी तिला स्वतःच्या तोंडाने काही म्हणता यावं असं वाटत असेल तर आयुष्य आणखी कसंकसं जगता येतं, हे तिने आधी कुठेतरी पाहिलेलं असायला हवं. सिनेमात ते फार थोडं दिसतं. मोबाइलवर दिसतं ते वेगळंच. पुस्तकात मात्र दिसतं. या दोन सुट्यांकडे मी म्हणूनच इतक्या काळजीने बघते.

मग द्यायचं काय? माझ्या मते प्रत्येकीला दोन पुस्तकं द्यावीत. एक जवळचं, एक लांबचं.

जवळचं म्हणजे ज्यात आपलं रान, आपली माणसं आहेत. डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' हे पुस्तक घ्या. गोईण म्हणजे मैत्रीण. गडचिरोलीतल्या बायकांनी सांगितलेलं झाडांविषयीचं ज्ञान त्यात आहे. आपली आजी जे सहज बोलते ते छापून येतं, त्याला किंमत असते, हे मुलीला कळणं फार मोठी गोष्ट आहे. विलास मनोहर यांच्या 'नेगल'मध्ये हेमलकशाच्या प्राण्यांच्या हकिकती आहेत, त्या तर लहानमोठे सगळे वाचतात. डॉ. प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा' आहे; १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची ती कहाणी. मारुती चितमपल्ली २०२५ मध्ये गेले, पण त्यांचं 'रानवाटा' चाळताना आपल्याच रानात कुणी हात धरून नेत असल्यासारखं वाटतं.

इथे एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. गडचिरोलीवरची बहुतेक नावाजलेली पुस्तकं बाहेरून आलेल्या माणसांनी लिहिली आहेत. त्यांनी जन्म इथे घालवला, त्यांच्याबद्दल आदरच आहे. तरीही चौदा वर्षांच्या मुलीच्या चटकन लक्षात येतं की या पुस्तकांत आपल्यासारखी माणसं रुग्ण म्हणून येतात, भोळी म्हणून येतात, कुणीतरी मदत करावी अशी येतात. गोष्ट सांगणारी म्हणून क्वचितच येतात. म्हणून याच कपाटात उषाकिरण आत्राम यांच्या कविता हव्यात, वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हवा. आदिवासी कवी स्वतःच्या तोंडाने मराठीत बोलतात, हे तिला नववीतच कळू दे. 'आमच्यावर कुणी लिहितं' आणि 'आमच्यातलं कुणी लिहितं' यांत केवढा फरक आहे!

आता लांबचं पुस्तक. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ पासून वाचलं जातंय आणि अजून जुनं झालेलं नाही. गुलामीत जन्मलेला पोर शेतीचा शास्त्रज्ञ होतो, ही गोष्ट शेतमजुराच्या घरात वेगळ्याच कानांनी ऐकली जाते. 'तोत्तोचान' हे जपानमधल्या एका खोडकर मुलीचं पुस्तक मराठीत आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी तिची शाळा वाचली की 'आपली शाळा अशी का नाही?' हा प्रश्न पडतो, आणि तो पडलाच पाहिजे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आकाराने लहान, भाषा सरळ आणि गाव धनगरांचं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत. थोड्या मोठ्या मुलीला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' द्या. शाळेची पायरी न चढलेल्या, लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या बाईने मराठीतलं एक उत्तम आत्मचरित्र लिहिलं, हे आयांनाही सांगण्यासारखं आहे. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' वडिलांनीही वाचावं.

'श्यामची आई'चं काय, असं कुणी विचारेल. जरूर द्या. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क संपलेला आहे, त्यामुळे ते स्वस्तातही मिळतं. पण नुसतं तेच देऊन थांबू नका. आपल्याकडे मुलांसाठी पुस्तक म्हणजे संस्कार, असं समीकरणच झालेलं आहे. मुलीला तर संस्काराचे डोस घरात सकाळ-संध्याकाळ मिळतच असतात. तिला थोडं हसू दे, घाबरू दे, दूर कुठेतरी भटकून येऊ दे.

सिरोंचाला तर भटकायला दूरही जावं लागत नाही. याच तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ महाकाय डायनोसॉरची हाडं सापडली. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या, म्हणजे १९६१ च्या सुमारास ती खणून काढली गेली, म्हणून १९७५ मध्ये त्याचं नाव 'बारापासॉरस टागोरी' असं ठेवलं. बंगालीत 'बडा पाय' असा त्याचा अर्थ. तो सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. वडधमला जीवाश्म उद्यानही आहे. विज्ञानाचं एखादं साधं सचित्र पुस्तक आणि ही एवढी माहिती पोरीच्या हाती दिली तर शेतातल्या दगडाकडेही ती वेगळ्या नजरेने बघेल.

तेलुगूला घाबरू नका, हेही सांगायचं आहे. 'घरी तेलुगू बोलू नका, मराठी बिघडतं' असं बजावणारी माणसं भेटतात. उलट असतं हो! ज्या 'चांदोबा'वर महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या पोसल्या, तो १९४७ मध्ये मद्रासहून पहिल्यांदा निघाला तो तेलुगूत, 'चंदामामा' म्हणून, आणि तमिळमध्ये. मराठीत तो नंतर आला. जी मुलगी तेलुगूत गोष्ट ऐकते आणि मराठीत लिहून काढते, तिचं मराठी बिघडत नाही, पक्कं होतं. सुटीचा एकच गृहपाठ द्यायचा तर हा द्या: अम्मम्माच्या किंवा शेजारच्या माडिया आजीच्या दोन गोष्टी ऐकायच्या आणि मराठीत उतरवायच्या. 'पुस्तकाचा सारांश आणि तात्पर्य लिहून आणा' हा गृहपाठ मात्र कृपा करून देऊ नका. त्याच्या धाकाने मुलं शेवटचं पान आधी वाचतात आणि पुस्तक मिटतात.

पैशाचं म्हणाल तर नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं आजही इतरांच्या मानाने स्वस्त आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने फुकट वाचायला ठेवले आहेत. 'स्टोरीवीव्हर'वर मराठी, तेलुगू आणि गोंडीतल्याही गोष्टी विनामूल्य मिळतात. नेटवर्क कुठल्या झाडाखाली येतं हे आपल्या पोरांना पाठ असतंच. तिथे उभं राहून एकदा उतरवून घेतलं की झालं.

पण सगळ्यात जवळची पुस्तकं शाळेतच असतात, कुलपात. शिक्षण हक्क कायद्याने २००९ पासून आठवीपर्यंतच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टीची पुस्तकं हवीत असं म्हटलंय. हायस्कूलमध्येही एखादं कपाट असतंच. मुलांना वेळ मिळतो तो सुटीत, आणि कपाट बंद असतं तेही नेमकं सुटीत! कारण साधं आहे. पुस्तक हरवलं तर नोंदवहीत कमी दिसतं आणि ते भरून कोण देणार, याची शिक्षकांना भीती. ती भीती खोटी नाही. पण पुस्तक फाटणं, डाग पडणं हे ते वाचलं गेल्याचं लक्षण आहे. न फाटलेलं आणि वाळवीने खाल्लेलं पुस्तक नोंदवहीत शाबूत दिसतं, एवढंच.

यावर उपाय आपणच करू शकतो. गावातल्या बचत गटाने शाळेला लिहून द्यावं की पंचवीस पुस्तकं सुटीपुरती आम्ही नेतो, जूनमध्ये परत करतो, हरवलेल्याची भरपाई गट करेल. ज्या बायका कर्जाचा हप्ता न चुकता फेडतात, त्यांना पंचवीस पुस्तकं सांभाळणं जड नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू करून पुस्तकांच्या पेट्या गावोगावीच काय, परदेशातही पोचवल्या. आपल्याला तर फक्त शाळेतून गटाच्या अध्यक्षबाईंच्या ओसरीपर्यंतच न्यायची आहे. तिथे पुस्तकं मांडा आणि मुलींना हात लावू द्या. कुठलं घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या. पहिली दहा पानं वाचून आवडलं नाही तर बदलून घ्यायची मुभा असू द्या.

परीक्षा संपायच्या आत हे व्हायला हवं. मुख्याध्यापक एकदा सुटीवर गेले की किल्लीही त्यांच्याबरोबर जाते. तेव्हा या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत हप्त्याचा विषय झाला की हा विषय काढा, आणि अर्ज लिहायला नववीतल्याच एखाद्या मुलीला बसवा.