खोटीतला उजेड

गेल्या दिवाळीला पेठ वडगावला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिच्या घरी फराळाचे दुसरे ताट संपवल्याखेरीज पाहुण्याची सुटका नसते. त्या दिवशी मात्र पहिल्याच ताटावर तिने फिर्याद मांडली.

"दादा, तू विज्ञानाचं लिहितोस ना? मग तूच सांग हिला. दिवस गेलेत, आणि अजून त्या एक्स-रेच्या खोलीत कामाला जाते!"

भाची कोल्हापूरला एका इस्पितळात क्ष-किरण विभागात काम करते. तिसरा महिना, पहिलीच खेप. ती हसत म्हणाली, "मामा, आईला सांगा, आमच्यावर पहारा असतो. छातीवर बॅज लावतात. तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. किरणं जास्त लागली तर कळतं."

"एवढीशी ती पट्टी! तिला काय कळणार?" बहीण म्हणाली.

प्रश्न या सदरातलाच होता. मी चकली खाली ठेवली.

वाचकहो, हिऱ्यात खोट निघाली की सराफ नाक मुरडतो. उजेड देणाऱ्या स्फटिकांच्या राज्यात मात्र खोटीलाच मोल आहे. दारातल्या आकाशकंदिलात एलईडीचा पांढरा दिवा होता. असा दिवा मुळात निळा असतो. त्यावर एका पिवळ्या भुकटीचा लेप असतो. त्या भुकटीच्या स्फटिकांत सीरियम धातूचे थोडेसे परके अणू मुद्दाम घुसवलेले असतात. ते निळ्यातला काही उजेड पिवळा करतात, आणि दोन्ही मिळून आपल्या डोळ्यांना पांढरे दिसते. ते परके अणू नसते, तर कंदील निळाच राहिला असता.

बॅजचेही तसेच. त्यात ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन चकत्या असतात. त्यांतली भुकटी कॅल्शियम सल्फेटची, म्हणजे मोडलेल्या हाताला घालतात त्या प्लॅस्टरच्याच घराण्यातली. तिच्यात डिस्प्रोसियम धातूचे अणू हजारी एखाद्याच्या प्रमाणात मिसळतात. कॅल्शियमच्या जागी हा पाहुणा बसला की विद्युत्‌भाराचा हिशेब जुळवण्यासाठी आसपास एखादी जागा रिकामी राहते. स्फटिकाच्या भिंतीत जणू कोनाडे पडतात. क्ष-किरण आला की इलेक्ट्रॉन जागचे उडतात. बरेचसे लगेच परततात. काही मात्र कोनाड्यांत अडकतात आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतात. जितके किरण जास्त, तितके अडकलेले जास्त.

पुढे प्रयोगशाळेत चकती २०० अंशांहून अधिक तापवतात. अडकलेले सुटतात, जवळची शक्ती डिस्प्रोसियमला देतात, आणि तो ती उजेडाच्या रूपाने बाहेर टाकतो. हा उजेड मोजला की किरणांचा हिशेब हाती येतो. नीट तापवून घेतली की चकती पुन्हा कोरी! खोटीलाही मर्यादा आहे बरे का. पाहुण्यांची फार दाटी झाली, तर शक्ती आपसांतच वाया जाते आणि उजेड मंदावतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असा बॅज तयार केला, आणि १९७५ च्या सुमारास आपल्याकडे जुन्या फिल्मच्या बॅजची जागा त्याने घेतली.

बहिणीचा जीव भांड्यात पडला. भाचीचा चेहरा मात्र उतरला.

संध्याकाळी पणत्या लावताना ती हळूच म्हणाली, "मामा, खरं सांगते. या तीन महिन्यांत बॅज मी लावलाच नाही. घाईत राहून जायचा. बाहेरच्या खोलीत खुंटीवर होता. आता रिपोर्ट चांगलाच येईल ना?"

"येईल," मी म्हणालो, "पण तो खुंटीचा असेल, तुझा नव्हे."

पणती तिच्या हातातच राहिली. मग मी तिला समजावले. पडद्याआड उभे राहून काम केले असेल, तर किरण सहसा फारच थोडे लागतात; घाबरून जाऊ नकोस. पण साक्षीदार जागेवर नव्हता, हे लपवू नकोस. किती फोटो काढले, कुठे उभी होतीस, यावरूनही जाणकारांना अंदाज काढता येतो. आणि दिवस गेल्याचे आधी कळव. स्त्रीने तसे कळवल्यावर उरलेल्या दिवसांत पोटातल्या बाळाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक किरण लागता कामा नयेत, असा आपल्याकडे नियम आहे. पण न कळवता तो कोण पाळणार?

"बोलणी खावी लागतील," ती म्हणाली.

"खा. फराळ पचतोय, तशी तीही पचतील."

भाऊबीज झाल्यावर तिने सारे सांगितले. बोलणी बसलीच. पण वरिष्ठांनी मागचा हिशेब काढला, काळजीचे कारण नाही असे सांगितले आणि पुढचे काम नीट आखून दिले. बॅज ॲप्रनच्या आत, छातीशी येऊन बसला.

वैशाखात वडगावलाच बारसे झाले. घुगऱ्या वाटता वाटता भाचीने मला बाजूला घेऊन पुढच्या तिमाहीचा रिपोर्ट दाखवला. आकडा अगदी लहान होता. पण या वेळी तो तिचा होता.