तपाच्या नावाखाली गोळी थांबवू नका



आज थोडं कडू लिहिते आहे. कुणाला झोंबलं तर मिच्छामि दुक्कडं आधीच म्हणते, पण लिहिणार.

माझ्या सुनेला क्रोन्सचं निदान झालं. कित्येक महिने पोटात उजवीकडे खाली कळ, दिवसातून सात-आठ वेळा जुलाब, वजन उतरत चाललेलं. वैजापूरहून संभाजीनगरला नेलं, दुर्बिणीची तपासणी झाली, आतड्याचे तुकडे तपासायला गेले. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांत फरक करणं अवघड असतं, आणि टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर तो भडकतो. म्हणून डॉक्टरांनी खात्रीसाठी वेळ घेतला. तो योग्यच होता. नंतरचे सोळा दिवस मात्र मी घालवले. गोळ्या आणून डब्यात ठेवलेल्या, आणि रोज कुणी ना कुणी तिला बघायला येत होतं.

“स्टेरॉइड? बाई गं, जन्माची सवय लागेल.” “आयंबिलची ओळी करू दे, आतड्याला विश्रांती मिळेल.” “असातावेदनीय कर्म आहे, भोगूनच सुटायचं.” आणि मी, घरचा पै-पैचा हिशेब ठेवणारी, मान डोलवत होते. सतराव्या दिवशी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. तेव्हा डबा उघडला.

कर्माचं म्हणाल तर एक विचारते. शुगरची आणि बीपीची गोळी पर्समध्ये घेऊन स्थानकात येणाऱ्या आपण, आपलं कर्म का नाही भोगत? की कर्म फक्त सुनांनी भोगायचं?

भगवतीसूत्रातला प्रसंग व्याख्यानात आपण सगळ्यांनी ऐकला आहे. गोशालकाच्या तेजोलेश्येनंतर प्रभू महावीरांना रक्ताचे जुलाब लागले, अंगात दाह झाला. सिंह अणगार व्याकूळ झाले. प्रभूंनी त्यांना मेंढिकग्रामी रेवती श्राविकेकडे पाठवलं. सांगितलं, माझ्यासाठी केलेला कोहळेपाक आणू नकोस, घरात आधीच असलेला बिजोरापाक आण. म्हणजे आहाराची मर्यादा सोडली नाही आणि औषधही नाकारलं नाही. रेवतीने ते दान देऊन तीर्थंकर नामकर्म बांधलं. आतड्याच्याच दुखण्यावर खुद्द प्रभूंनी औषध घेतलं, आणि आपण मात्र त्यांच्या नावाने गोळी अडवतो!

पच्चक्खाणाच्या पाठात सव्वसमाहिवत्तियागारेणं हा आगार आपण तोंडपाठ म्हणतो. दुखण्याने समाधी ढळत असेल तर औषधाची सूट, हाच त्याचा अर्थ. अर्थ कळून म्हटलं तर बरं.

“विश्रांती”चंही तसंच. काही रुग्णांना, विशेषतः मुलांना, डॉक्टर काही आठवडे फक्त पातळ आहारावर ठेवतात. पण तो मोजून दिलेला पूर्ण पोषणाचा असतो, तूप-दूध वर्ज्य केलेलं एक धान्य नव्हे. शिवाय हा रोग बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बसतो आणि बी-12 तिथेच शोषलं जातं. आपण शाकाहारी, आधीच त्यात कमी. अशा शरीराकडून ओळी करून घ्यायची? सूज औषधाविना राहिली तर आतडं अरुंद होतं, नको तिथे भोकं पडतात आणि मग ऑपरेशन. अठाईच्या पारण्याला आणि प्रभावनेला खर्च करताना आपण हात आखडत नाही, औषधाचं बिल मात्र डोळ्यांत खुपतं!

नियम मोडतील ही भीतीही फुकाची निघाली. सुनेची प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन, दोन्ही दिवसातून एकदा, सकाळी खाल्ल्यावर. नवकारशी झाली की नाश्ता, मग गोळी. चौविहार शाबूत. जिलेटिनची शंका असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, पर्याय आहे का ते सांगतील. पण ब्युडेसोनाइडसारखी कॅप्सूल मनाने फोडून चूर्ण करू नका. ते औषध आतड्यात पोचल्यावरच सुटावं म्हणून तसं केलेलं असतं. अझाथायोप्रिन चालू असताना रक्ततपासणी चुकवायची नाही, पांढऱ्या पेशी घटू शकतात. ताप आला तर काढा करत बसायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

(क्रोन हे डॉक्टरांचं आडनाव. न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन यांनी सहकाऱ्यांबरोबर 1932 साली हा रोग मांडला. एका मावशींना ते “करोना” ऐकू आलं आणि त्या दारातूनच परतल्या!)

आज पाचवा आठवडा. जुलाब दोनवर आलेत, काल तिने दुसरी भाकरी मागून घेतली. त्याच संध्याकाळी एक बाई म्हणाल्या, “बरं वाटतंय ना, मग आता बंद करा गोळ्या.” मी त्यांना सांगितलं, अझाथायोप्रिनचा गुण यायलाच दोन-तीन महिने लागतात. तोवर स्टेरॉइडने तोलून धरलंय, आणि ते एकदम तोडलं तर शरीर कोलमडतं, डॉक्टरच पायरी-पायरीने उतरवतात. बाई गप्प झाल्या. सून आतून म्हणाली, “मम्मी, पुढच्या सोमवारी रक्त द्यायला जायचंय, लक्षात आहे ना?”