वेगळेपणाची किंमत

बहुसंख्य समाजात राहणाऱ्या लहान धर्मसमाजापुढे एक प्रश्न सदैव उभा असतो. सभोवतालच्या लोकांशी समरस किती व्हावे आणि त्यांच्याहून वेगळे किती राहावे? महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न जुना आहे. मराठवाड्यात तो अधिक बोचरा आहे, कारण येथील ख्रिस्ती माणूस बहुधा गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, हातावर पोट असलेला आहे. त्याच्या धर्माने त्याला वेगळे राहण्यास सांगितले. पण वेगळे कशात, याची दोन उत्तरे आपल्या इतिहासात सापडतात.

पहिले उत्तर सत्तेचे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये जाहीरनामा काढून नवख्रिस्ती कुटुंबांना लग्नातली हळद, विडा, अंगणातली तुळस, धोतर-चोळी, इतकेच नव्हे तर भातात मीठ न घालण्याची रीतही वर्ज्य ठरवली. नीती म्हणजे पेहराव आणि पाककृती, अशी ही समजूत होती. पण ज्या रूढींत अन्याय होता, त्यांतली जात मात्र गोव्याच्या चर्चमध्ये सुखेनैव नांदत राहिली.

दुसरे उत्तर मराठी ख्रिस्ती सुधारकांचे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. धर्मगुरू सांगतात म्हणून स्वतःचे मत बदलायचे, हेही त्यांनी मानले नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि अभंग व कीर्तन ही महाराष्ट्राची साधने बरोबर नेली. भाषा, अन्न, गाणे यांत ही माणसे पूर्णपणे मराठी राहिली. त्यांचे वेगळेपण व्यवहारात होते. रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुली केडगावला आणल्या. तेथे त्या शेती आणि विणकाम करू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. हाताच्या कामाला कमी लेखणाऱ्या समाजात हेच खरे बंड होते. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. लक्ष्मीबाई टिळकांचे सोवळे तर एका दिवसात सुटले नाही. त्यांचा तो झगडा ‘स्मृतिचित्रे’त नोंदलेला आहे.

आपल्या शेजारचे उदाहरण जालन्याचे. देशस्थ ब्राह्मण घराण्यातील नारायण शेषाद्री १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे त्यांनी जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर ‘बेथेल’ ही वसाहत उभी केली. तेथे मुख्यतः मांग समाजातील कुटुंबे आली. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्यासाठी एका ब्राह्मणाने आयुष्य वेचावे, हे त्या काळच्या नीतीत बसणारे नव्हते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या साऱ्यातून एक साधा निकष दिसतो. ज्या नीतीची किंमत मोजावी लागत नाही, ती नीती नसून सवय होय. रमाबाईंनी लोकप्रियता गमावली, टिळकांनी पगार सोडला, शेषाद्रींनी जात सोडली. आज मात्र मराठवाड्यातील गरीब ख्रिस्ती कुटुंबाकडून जी किंमत वसूल केली जाते, ती स्वेच्छेची नाही. ती राज्यसंस्थेने लादलेली आहे.

अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा मुळात हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताने कागदावर आपला धर्म खरा लिहिला, तर अनुसूचित जातीच्या सवलती जातात. जातीय अत्याचारांविरुद्धच्या १९८९ च्या कायद्याचे संरक्षणही जाते. म्हणून कित्येकांचा रविवारचा धर्म एक आणि शाळेच्या दाखल्यावरचा धर्म दुसरा, अशी दुहेरी जिणी चालतात. खोटे बोलू नये, ही ज्या धर्माची पहिल्या प्रतीची आज्ञा, त्याच्याच अनुयायाला पोटच्या पोरांसाठी असत्य लिहावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये, ख्रिस्ती आचरण करीत केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणे ही राज्यघटनेशी फसवणूक होय, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या चौकटीत तो निर्वाळा समजण्यासारखा आहे; प्रश्न चौकटीचाच आहे.

ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, मग सवलत कशाला, असे विचारले जाते. बौद्ध धर्मही जात मानत नाही, तरी १९९० मध्ये संसदेने योग्य निर्णय घेतला. धर्म बदलल्याने गावाची नजर बदलत नाही आणि शेतमजुराची मजुरीही वाढत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आधीच अपुऱ्या असलेल्या जागांत नवे वाटेकरी आले, तर आजच्या अनुसूचित जातींचा वाटा घटेल. ही भीती निराधार नाही, आणि तिचे उत्तर संख्येचा व मागासलेपणाचा नीट हिशेब करूनच द्यावे लागेल. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, तो याच प्रश्नासाठी. परंतु नोकऱ्या मोजक्या असतात. कायद्याचे संरक्षण वाटून घेतल्याने कमी होत नाही. म्हणून अत्याचारविरोधी कायद्याचे छत्र दलित ख्रिश्चनांना आधी द्यावे. त्यात कोणाच्याही ताटातले काही जात नाही.

तथापि सारा दोष सरकारवर टाकून ख्रिस्ती समाजाला मोकळे होता येणार नाही. सोयरीक जुळवताना पूर्वाश्रमीची जात विचारली जात असेल, १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानंतरही मंगल प्रार्थनेआधी देण्याघेण्याची बोलणी होत असतील, तर ते समरस होणे नव्हे. सभोवतालच्या समाजातले जे वाईट, तेवढेच निवडून घेणे होय. पाळकांनी आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांनी हुंडा घेणाऱ्याचे लग्न लावण्यास नकार द्यावा. जो समाज शासनाकडे जातीच्या अन्यायाची दाद मागतो, त्याने आपल्या घरातली जात प्रथम काढली पाहिजे. तसे झाले तर त्याच्या मागणीला नैतिक बळ येईल.

वेगळे राहण्याचा हक्क आणि वेगळे राहण्याचे कर्तव्य या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. कर्तव्य ख्रिस्ती समाजाने पार पाडावे. खरे बोलणाऱ्याला दंड होणार नाही, एवढी हमी राज्याने द्यावी.